डीएमएसओची बाटली कोणाच्या हाती असावी?

डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजेच डीएमएसओ, या विद्रावकाचं (दुसरे पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवाचं) नाव परवापरवापर्यंत प्रयोगशाळेबाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. आता सांधेदुखीने त्रासलेल्या माणसांच्या व्हॉट्सॲप गटांत ‘डीएमएसओ’ ही चार अक्षरं दिसू लागली आहेत. अमेरिकेतल्या चित्रफिती, त्यांचे हिंदी-मराठी सारांश आणि शेवटी ठरलेलं वाक्य: हे स्वस्त औषध कंपन्यांनी साठ वर्षं दडपून ठेवलं. मुरगळ, गुडघेदुखी, नागीण, मोतीबिंदू, कर्करोग, सगळ्यांवर हाच उतारा. बाटली घरबसल्या मागवता येते, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विद्रावकांविषयी शिकवताना या द्रवाबद्दल मी नेहमी आदराने बोलत आलो आहे, आणि आजही त्याला निव्वळ विष म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. तरीही प्रयोगशाळेसाठी किंवा कारखान्यासाठी बनवलेलं डीएमएसओ अंगाला लावण्याचं औषध म्हणून लोकांना विकलं जाणं थांबलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्याचबरोबर, ज्या थोड्या आजारांत त्याचा खरा उपयोग असू शकतो, त्यांच्या चाचण्या सरकारी पैशातून व्हायला हव्यात. या दोन मागण्या मी एकत्र करतो आहे, कारण दुसरी टाळली म्हणूनच पहिलीची वेळ आली.

डीएमएसओ जन्माने औषध नाही. रशियातल्या कझानचे रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र झाइत्सेव यांनी ते १८६६ मध्ये प्रथम तयार केलं, आणि त्यानंतर कित्येक दशकं त्याकडे कोणी विशेष लक्ष दिलं नाही. लाकडाच्या लगद्यापासून कागद बनवताना गंधकयुक्त पदार्थ मागे उरतात. त्यांच्यापासून ते स्वस्तात बनवता येतं हे कळल्यावर कागद कंपन्या त्याला गिऱ्हाईक शोधू लागल्या. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये लव्हलॉक आणि बिशप यांनी दाखवून दिलं की पेशी गोठवताना त्यात डीएमएसओ मिसळलं, तर बर्फामुळे होणारी त्यांची हानी टळते. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे शल्यचिकित्सक स्टॅन्ली जेकब हे अवयव गोठवून टिकवण्याच्या खटपटीत होते. त्या शोधात त्यांची गाठ क्राउन झेलरबॅक या कागद कंपनीतले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट हर्श्लर यांच्याशी पडली. हे द्रव कातडीतून सरळ आत जातं, आणि जाताना बरोबर दुसरे पदार्थही नेतं, हे दोघांनी पाहिलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डीएमएसओची जी लाट उसळली, तिचं मूळ हे.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर जेमतेम काही शतांश मिलिमीटर जाडीचा असतो. पण बाहेरचं बहुतेक सगळं बाहेर ठेवण्याचं काम तोच करतो. डीएमएसओचा रेणू लहान, रेणुभार अवघा ७८, आणि तो पाण्यातही मिसळतो व अनेक तेलकट पदार्थही विरघळवतो. त्या थरातली स्निग्ध द्रव्यं आणि प्रथिनं यांची घट्ट मांडणी तो सैल करतो. द्रावण जितकं तीव्र, तितका हा परिणाम जास्त. हाताला लावलं की काही मिनिटांत तोंडात लसणासारखी चव येते. शरीरात त्याचा थोडा भाग डायमिथाइल सल्फाइड बनून श्वासावाटे बाहेर पडतो आणि तो वास दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकतो. बराचसा भाग डायमिथाइल सल्फोन होऊन लघवीवाटे जातो. (हेच सल्फोन ‘एमएसएम’ नावाने सांध्यांच्या गोळ्यांमध्ये विकलं जातं.) मोठ्या रेणूंना डीएमएसओ आत नेऊ शकत नाही, पण लहान रेणूंच्या बाबतीत वाट एकदा मोकळी झाली की औषध कोणतं आणि घाण कोणती ही निवड ते करत नाही.

आता ‘दडपलं’ या आरोपाकडे वळतो, कारण तो पूर्ण खोटा नाही. गरोदर स्त्रियांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बाळांना व्यंग दिल्याचं उघड झाल्यावर अमेरिकेने १९६२ मध्ये औषधांचा कायदा कडक केला. औषध सुरक्षित आहे एवढ्यावर न थांबता ते खरोखर काम करतं हेही सिद्ध करणं बंधनकारक झालं. डीएमएसओ नेमकं त्याच सुमारास पुढे आलं. कुत्रे, ससे आणि डुकरं यांना मोठ्या मात्रा दिल्यावर डोळ्यांच्या भिंगात बदल दिसले, आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या. पुढे कॅलिफोर्नियातल्या व्हॅकाविल तुरुंगातल्या कैद्यांना मोठ्या मात्रेत, तीन महिन्यांपर्यंत ते लावून पाहिलं गेलं. डोळ्यांत तसे बदल आढळले नाहीत. कैद्यांवर प्रयोग करून मिळालेली ही माहिती आज आपण निश्चिंतपणे सांगतो, याची खंत असायला हवी. डोळ्यांची ती भीती माणसांपुरती खरी ठरली नाही, एवढं मात्र मान्य करावं लागतं. बंधनं सैल झाली, पण तोवर कंपन्यांचा उत्साह ओसरला होता. जे रसायन कोणीही स्वस्तात बनवू शकतो, त्याच्या चाचण्यांवर पैसा कोण घालणार? १९७८ मध्ये मूत्राशयाच्या एका चिवट, वेदनादायक दाहासाठी ५० टक्क्यांच्या द्रावणाला मंजुरी मिळाली. त्या देशात माणसांसाठी डीएमएसओला स्वतंत्र औषध म्हणून मिळालेली मान्यता आजही तेवढीच आहे.

दुसरी अडचण शास्त्रीय होती आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. औषध चालतं की नाही हे ठरवायचं, तर खरं औषध कोणाला आणि खोटं कोणाला हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला, दोघांनाही कळू द्यायचं नसतं. डीएमएसओ लावलेला माणूस बोलायला लागला की खोलीभर लसूण दरवळतो! चाचणी गुप्त राहणार कशी? डीएमएसओविषयीचे जुने अनुभव, हजारो समाधानी रुग्णांच्या गोष्टी, यांच्यावर विसंबता येत नाही त्याचं हे एक मोठं कारण आहे. तोंडाला चव आली की ‘औषध आत गेलं’ अशी खात्री पटते, आणि वेदनेसारख्या गोष्टीत अशी खात्री स्वतःच पुष्कळ काम करते.

या अडचणीवर एक चांगला तोडगा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वापरला गेला. गुडघ्याची झीज झालेले ७७५ रुग्ण, बारा आठवडे. काहींना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मिसळलेलं डीएमएसओचं द्रावण, काहींना डायक्लोफिनॅक नसलेलं पण तेवढंच, म्हणजे ४५.५ टक्के डीएमएसओ असलेलं द्रावण, काहींना फक्त २.३ टक्के डीएमएसओ असलेलं जवळजवळ निष्क्रिय द्रावण, काहींना डायक्लोफिनॅकची गोळी, तर काहींना द्रावण आणि गोळी दोन्ही. निष्क्रिय द्रावणातही थोडं डीएमएसओ ठेवलं, ते वासासाठी. डायक्लोफिनॅकच्या द्रावणाने गुडघेदुखी कमी झाली. नुसतं डीएमएसओ मात्र त्या निष्क्रिय द्रावणाहून उजवं ठरलं नाही. त्याच वर्षी हे डायक्लोफिनॅकचं द्रावण अमेरिकेत गुडघ्यासाठी मंजूर झालं.

गुडघ्याला डीएमएसओ चोळणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. गुडघ्यावर काम केलं ते डायक्लोफिनॅकने. डीएमएसओने ते आत पोहोचवलं. मग घरी कोरं डीएमएसओ चोळणारा माणूस आत काय पोहोचवतो आहे? कातडीवर जे असेल ते.

आपल्या घरांत कातडीवर काय काय असतं ते पाहा. पाय मुरगळला की आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप, त्यावर बाम, रात्री कसलं तरी तेल. कोणी आयोडेक्स लावतं, कोणी मिरचीचा अर्क असलेलं मलम. हे सगळं कातडीच्या वर राहील, फार तर थोडंसं मुरेल, असं धरून आपण बिनधास्त वापरतो, आणि आजवर ते बहुतेक वेळा चाललंही. त्याच जागी डीएमएसओ आलं की हा हिशेब बदलतो. बाजारातल्या लेपात कोणता रंग घातला आहे, तेलात काय मिसळलं आहे, हे प्रश्न तोवर फारसे महत्त्वाचे नव्हते. आता ते रक्तापर्यंत पोहोचण्याचे प्रश्न होतात. केसांचा कलप, सुगंधी साबण, डास पळवणारी मलमं, सगळ्यांना हे लागू आहे.

मला सर्वांत जास्त काळजी शेतात राबणाऱ्यांची वाटते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा कीटकनाशक श्वासावाटेच नव्हे तर कातडीवाटेही अंगात भिनतं, हे साऱ्या महाराष्ट्राला कळलं. पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारणारा माणूस संध्याकाळी खांदे आणि गुडघे चोळणारच. हातापायांवर विषाचा अंश असताना त्याने हे द्रव चोळलं, तर काय होईल हे सांगायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही. गुडघेदुखी आणि पाठदुखी ज्याला सगळ्यांत जास्त, त्याच्याच कातडीवर सगळ्यांत घातक पदार्थ.

प्रयोगशाळेत डीएमएसओची भीती कोणी बाळगत नाही, त्यात काय विरघळलं आहे याची बाळगतात. नेहमीचे पातळ रबरी हातमोजेही त्याला फार वेळ अडवू शकत नाहीत. ब्युटाइल रबराचे जाड मोजे लागतात. अनेक प्रकारचं प्लास्टिक ते मऊ करतं किंवा विरघळवतं, म्हणून ते काचेच्या किंवा योग्य प्लास्टिकच्याच बाटलीत ठेवायचं असतं. पाण्यात मिसळताना ते गरम होतं, त्यामुळे तीव्र द्रावण ओल्या कातडीवर लावलं की चुरचुरतं. लाली, खाज, गांधी उठणं, कातडी कोरडी पडून सोलवटणं हे तर नेहमीचं. १८.५ अंशांच्या खाली ते गोठतं. नाशिककडच्या हिवाळ्यात सकाळी बाटलीत स्फटिक दिसले, तर ते बिघडलं असं नव्हे. पण गोठलेली बाटली कोणी गॅसवर तापवू नये. काही औषधांशी त्याचं जमत नाही. सुलिंडॅक या वेदनाशामकाबरोबर वापरल्यावर नसांना इजा झाल्याची नोंद आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर आणि स्तनदा स्त्रियांनी, मूत्रपिंड किंवा यकृताचे रुग्ण असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि दर्जाचा प्रश्न. बाटलीवर ‘९९.९ टक्के शुद्ध’ असं लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, यापेक्षा शुद्ध ते काय. पण उरलेला एक सहस्रांश काय आहे, हे प्रयोगशाळेच्या लेबलावरून कळत नाही. आणि तो प्रयोगशाळेसाठी निरुपद्रवी असला, तरी माणसासाठी असेलच असं नाही. औषधकोशातल्या, म्हणजे औषधांच्या शुद्धतेचे अधिकृत निकष देणाऱ्या ग्रंथातल्या, दर्जाची परीक्षा वेगळी असते. महाराष्ट्राने हा धडा फार महाग किमतीला घेतला आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले, कारण त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विद्रावक होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी पाडली. एवढं होऊनही २०२५ च्या पावसाळ्यात छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या औषधाने अत्यवस्थ होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली; वीसहून अधिक बालकं गेली, आणि त्या औषधात तेच डायइथिलीन ग्लायकॉल जवळपास निम्म्या प्रमाणात सापडलं. परवाना, प्रयोगशाळा, निरीक्षक हे सगळं असताना विद्रावकाने हा घात केला. मग जिथे यांपैकी काहीच नाही, अशी बाटली आपण कोणत्या भरवशावर घरात आणतो?

रुग्णालयात मात्र या द्रवाने खरोखर जीव वाचवले आहेत, आणि त्याबद्दल कमी लिहिलं जातं. रक्ताच्या कर्करोगात रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशी काढून ठेवतात, मग जबर केमोथेरपी देतात आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात. पेशी दीर्घकाळ ठेवायच्या असतील, तर साधारण १० टक्के डीएमएसओ घालून द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंश थंडीत गोठवतात. परत देताना त्या रुग्णाच्या शेजारीच वितळवून लगेच शिरेतून सोडतात. मळमळ होते, रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, म्हणून परिचारिका सतत शेजारी असते. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त डीएमएसओ जाऊ नये, अशी मर्यादा पाळतात. खोलीत लसणाचा वास भरतो, म्हणून काही ठिकाणी रुग्णाला संत्रं हुंगायला देतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं सदोष जाळं बंद करण्यासाठी जो पॉलिमर सोडतात, तोही डीएमएसओमध्ये विरघळवलेला असतो. तो अतिशय सावकाश सोडावा लागतो, कारण वेग वाढला तर डीएमएसओच रक्तवाहिनीला इजा करतं, आणि नळीसुद्धा न विरघळणारीच लागते. मूत्राशयाच्या उपचारात ५० मिलिलिटर द्रावण नळीवाटे आत सोडतात, पंधरा मिनिटांनी काढून टाकतात. आपल्याकडचे मूत्रविकारतज्ज्ञही हा उपचार करतात. या प्रत्येक ठिकाणी मात्रा मोजलेली आहे, दर्जा ठरलेला आहे, आणि काही बिघडलं तर सावरायला माणूस हजर आहे.

कर्करोगाच्या दाव्यांबद्दल मला सौम्यपणे लिहिता येत नाही. केमोथेरपीचं औषध शिरेबाहेर सांडून कातडी जळू लागली, तर काही औषधांच्या बाबतीत त्या जागी डीएमएसओ लावतात, हा प्रस्थापित उपचार आहे. त्यावरून ‘डीएमएसओ कर्करोग बरा करतं’ इथवर उडी मारली जाते. डीएमएसओ पिऊन किंवा शिरेतून घेऊन माणसाचा कर्करोग बरा होतो, याचा पुरावा नाही. शिरेतून दिलं तर तांबड्या पेशी फुटू शकतात. या नादात गाठीच्या शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते, ते नुकसान तर मोजताही येत नाही. मोतीबिंदूसाठी डोळ्यात थेंब घालण्याचा सल्ला देणारेही आहेत. तो सल्ला ऐकणाऱ्याने आपला डोळा पणाला लावलेला असतो. कर्करोग आणि मोतीबिंदू हे दोन्ही आजार १९५४ च्या चमत्कारी उपचार जाहिरात प्रतिबंधक कायद्याच्या यादीत आहेत. त्यांच्यावर इलाज असल्याची जाहिरात करणं हा गुन्हा आहे. कायदा आहे, तो व्हॉट्सॲपवर विक्रीचा दुवा देणाऱ्याला लावला जात नाही, ही अडचण आहे.

म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडे माझी मागणी स्पष्ट आहे. औषधी उपयोगाचा शब्दही काढून जो डीएमएसओ विकतो, त्याने औषधाचा परवाना आणि औषधकोशाचा दर्जा दाखवावा. नसेल तर ती विक्री बंद व्हावी. प्रयोगशाळेच्या बाटलीवर ‘माणसाच्या वापरासाठी नाही’ हे मराठीतून, ठळक अक्षरांत असावं. ऑनलाइन विक्रेत्यांनाही यातून सूट नको.

याला एक आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. वेदनेची गोळी रोज घेऊन पोटात व्रण झालेले, मूत्रपिंडं दुखावलेले वृद्ध प्रत्येक गावात आहेत. डॉक्टर तीच गोळी पुन्हा लिहून देतात. मग कोणी बाटली मागवून चोळली, तर त्याला बोल लावणारे आपण कोण? बोल लावूच नये. पण त्या वृद्धाला पर्याय नाही असं नाही. डायक्लोफिनॅकचं लावायचं जेल साध्या केमिस्टकडे मिळतं, ते तपासलेलं आहे, आणि गोळीपेक्षा खूप कमी प्रमाणात रक्तात जातं. ते सुद्धा मूत्रपिंडाच्या रुग्णाने विचारूनच लावावं. ज्याने डीएमएसओ आधीच सुरू केलं आहे, त्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये, बाटली बरोबर न्यावी, आणि डॉक्टरांनीही ती बघून खेकसू नये. रागावलेल्या डॉक्टरला पुढच्या वेळी कोणी काही सांगत नाही.

चाचण्यांचं काय? गुडघ्यासाठी नुसत्या डीएमएसओची आणखी एक चाचणी करण्यात मला अर्थ दिसत नाही. मनगटाचं हाड मोडून प्लास्टर निघाल्यावर काहींचा हात सुजतो, जळजळतो, कातडीचा रंग बदलतो, बोटं मिटत नाहीत. वैद्यकात याला सीआरपीएस म्हणतात. नेदरलँड्समध्ये या दुखण्यासाठी ५० टक्के डीएमएसओचं मलम वापरलं जातं, त्यामागे तिथल्या चाचण्यांचा आधार आहे, पण त्या लहान आहेत. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागात असे हात रोज येतात. केईएम, ससून, नागपूरचं मेडिकल यांसारख्या ठिकाणी मिळून एक मोठी चाचणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हाती घ्यावी. औषधकोशाच्या दर्जाचं मलम, तुलनेसाठी वासापुरतं डीएमएसओ असलेलं दुसरं मलम, आणि हात उघडमीट करता येतो की नाही हे मोजणारा, कोणाला काय दिलं ते ठाऊक नसलेला फिजिओथेरपिस्ट. रसायन स्वस्त आहे. खर्च येईल तो मोजमापाचा आणि देखरेखीचा. निकाल काहीही आला, तरी तो मराठीत छापून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावा.